अपूर्णांकांची समीकरणं आणि इष्टकर्म: जूनपासून वापरल्यानंतर

पंचवटीत माझी छोटी शिकवणी आहे. आठवीच्या मुलांना छेद असलेली एकचल समीकरणं शिकवताना जूनपासून मी भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं (1150) इष्टकर्म नेमाने वापरते आहे. सहामाही होऊन गेली, आता सविस्तर लिहिते.

रीत सोपी आहे. उत्तर म्हणून सोयीची एक संख्या धरायची, ती इष्ट. गणितात जे सांगितलंय ते तिच्यावर करायचं. दिलेल्या संख्येला इष्टाने गुणायचं आणि जे आलं त्याने भागायचं. मी माझ्यापुरती एक भर घातली: इष्ट म्हणून छेदांचा लसाविच घ्यायचा, म्हणजे अपूर्णांक उरतच नाहीत.

आमच्याकडचंच उदाहरण घ्या. शेतकऱ्याने कांद्याचा 2/5 भाग लासलगावला विकला, 1/4 पिंपळगावला, चाळीत 21 क्विंटल राहिला. एकूण किती? लसावि 20. विसातले 8 आणि 5 गेले, 7 उरले. प्रत्यक्षात उरलाय 21, म्हणजे तिप्पट. माल 60 क्विंटल. x − 2x/5 − x/4 = 21 हे समीकरण मी यानंतर मांडायला लावते, आधी नाही. मग 7x/20 = 21 ही ओळ आली की त्यातला 7 कशाचा आणि 20 कशाचा, हे मुलं आपणहून सांगतात. छेद वेगवेगळे दिसले की वही मिटणारी मुलंसुद्धा लसावि काढायला लागली, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

लीलावतीतलं भुंग्यांचं गणित तर वर्गात फारच रंगतं. थव्याचा 1/5 कदंबावर, 1/3 शिलींध्रावर, या दोन भागांच्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा भिरभिरत राहिला. 15 धरा: 3, 5 आणि 6 गेले, 1 उरला. उत्तर 15. कुणी 30 धरले तर 2 उरतात, उत्तर तरीही 15च येतं. हे मुलांना स्वतः करून बघू द्यावं, सांगून टाकू नये. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. आपल्या इतक्या जवळचं हे गणित मुलांनी शिकायलाच हवं.

मर्यादाही आहेत. इष्ट दुप्पट केलं की येणारी संख्याही दुप्पट व्हायला हवी, तरच ही रीत चालते. x/3 + 4 = x/2 − 1 मध्ये आधी सुट्या संख्या एका बाजूला आणाव्या लागतात: x/2 − x/3 = 5. मग 6 धरा, 1 येतो, उत्तर 30. पण (x − 2)/3 + (x + 1)/4 = 6 असं कंसाचं आलं, तर सरळ दोन्ही बाजूंना 12 ने गुणावं: 4x − 8 + 3x + 3 = 72, म्हणून x = 11. इथे उजवीकडच्या 6 ला गुणायचं राहून जातं, आणि अपूर्णांकाआधी वजा असेल तर कंस सुटताना चिन्ह चुकतं. या दोन जागी मी प्रत्येक वही तपासते. चल छेदात असेल तर इष्टकर्माच्या वाटेला जाऊ नये.

तिरकस गुणाकार मी मागे ठेवलाय. दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तेव्हा तो झटपट होतो, पण मुलं तो बेरजेच्या मधेही लावतात.

पेपरात मात्र समीकरण मांडून पायऱ्या लिहायला सांगते, कारण गुण पायऱ्यांना असतात. इष्टकर्म कच्च्या कामात, उत्तर पडताळायला.