प्लॅटिनम पॉइंट की इलेक्ट्रॉनिक? इंजिन बदलताना डेल्कोचं काय करायचं

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसलं, की खरी गोची वायरिंगची होते. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग. जुन्या डेल्कोत कॉइलचा करंट तोडायला पॉइंट (उघडमीट होणारे संपर्क) असतात, इलेक्ट्रॉनिकमध्ये ते काम मॉड्यूल करतं. पॉइंटवाल्या बऱ्याच गाड्यांत किल्लीपासून कॉइलकडे (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवते ती) जाणाऱ्या लाइनमध्ये बॅलास्ट रेझिस्टन्स असतो. इंजिन चालू असताना तो कॉइलचा करंट आटोक्यात ठेवतो, नाहीतर पॉइंट जळतात. नवीन इंजिनावर इलेक्ट्रॉनिक डेल्को असेल आणि त्याच्या मॉड्यूलला तीच लाइन जोडली, तर पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. गाडी कधी धरते, कधी नाही. म्हणून मॉड्यूलला किल्लीवरून स्वतंत्र वायर ओढा, कॉइल मॉड्यूलला साजेशी घ्या आणि इंजिन-बॉडी अर्थ (अर्थिंगची जोडणी) घासून पक्का करा. मालवण-देवगडच्या खाऱ्या हवेत अर्थच आधी दगा देतो.

पॉइंटवाला डेल्को नवीन इंजिनाला बसत असेल, तर जुनं वायरिंग जवळपास तसंच चालतं. पॉइंट बिघडला तर रस्त्याकडेला पॉलिश पेपर मारून, साधारण ०.४ मिमी गॅप लावून घर गाठता येतं. मॉड्यूल गेलं तर टोचनच. पण पावसाळ्यात पॉइंटवर गंज धरतो, गॅप सारखा बघावा लागतो. डेल्कोच्या कॅपमधल्या ओलाव्याचा त्रास मात्र दोघांनाही सारखाच.

मी इलेक्ट्रॉनिकच घेईन, डिकीत एक जादा मॉड्यूल टाकून. आणि हो, रोटर (डेल्कोतला फिरणारा भाग) कुठल्या दिशेने फिरतो ते बघूनच प्लगच्या वायरी लावा. नुसता १-३-४-२ हा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) पाठ असून उपयोग नाही.