साडेतीन हजारांची कोळशाची ग्रिल: नोव्हेंबर ते जुलै

गेल्या दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही मागच्या अंगणासाठी कोळशावर चालणारी, झाकणाची गोल ग्रिल ३,४५० रुपयांना घेतली. आता जुलै संपत आला आहे. या काळात तिच्यावर किमान पस्तीस वेळा तरी निखारे पडले, एरवी घरच्या सहा जणांसाठी आणि दोनदा पंधरा-सोळा पाहुण्यांसाठी, त्यामुळे तिचे जे काही गुणदोष होते ते एव्हाना बाहेर आले आहेत. घेतल्यानंतर आठवड्याभरात लिहिले असते तर मी पाचपैकी साडेचार गुण दिले असते. आज तीन देते, आणि त्यातला एक गुण खरे म्हणजे इथल्या, नागपुरातल्या मानेवाड्याच्या आमच्या वेल्डरचा आहे.

कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. याच घडणीच्या आणि याच मापाच्या ग्रिल मला दुकानांत निरनिराळ्या नावांच्या खोक्यांत दिसल्या, त्यामुळे नावापेक्षा पत्रा, झाकण आणि जाळी यांविषयी लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल.

आम्ही पाच हजारांच्या आत बसवायचे ठरवले होते. गॅसवरची ग्रिल त्यात येत नव्हती. विजेची येत होती, पण दोन हजार वॅटच्या त्या वस्तूसाठी अंगणापर्यंत जाड वायर ओढावी लागली असती, शिवाय भरताच्या वांग्याला जो धूर लागतो तो त्या विजेच्या कांडीतून कसा येणार, हा सासूबाईंचा प्रश्न बिनतोड होता. राहिली कोळशाची. तिच्यातही पेटीसारखी घडी होणारी उथळ ग्रिल दीड-दोन हजारांत मिळत होती. झाकण नसल्यामुळे ती आम्ही सोडून दिली. शेवटी बर्डीवरच्या एका दुकानात विकणाऱ्याने चिमटा, तारेचा ब्रश, सहा सळया, हातमोजा आणि एप्रन अशा सोबतच्या वस्तू एकेक करून काउंटरवर मांडल्या, आणि मी त्या मांडणीला भुलले. सळयांच्या लाकडी मुठी महिन्याभरात निघून आल्या. ब्रशच्या तारा गळू लागल्या म्हणून तो मी फेकून दिला, कारण जाळीला चिकटून राहिलेली तार घासातून घशात जाऊ शकते. हातमोजा इतका पातळ आहे की त्याने गरम झाकण उचलण्याचे धाडस दुसऱ्यांदा कोणी केले नाही. या सगळ्या भेटवस्तूंऐवजी पत्रा अर्धा मिलिमीटर अधिक जाड दिला असता तर मी एप्रनही स्वतः शिवले असते.

पत्र्याची जाडी दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही, ती विचारावी लागते, आणि उत्तर गेजमध्ये आले तर आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे ध्यानात ठेवावे लागते. आमच्या दिरांनी नंतर व्हर्नियरने मोजला तेव्हा हा पत्रा जेमतेम ०.८ मिलिमीटर भरला. दुकानात व्हर्नियर नसला तरी झाकणाच्या मधोमध अंगठा दाबून पाहता येतो: पत्रा आत जाऊन टप्पकन बाहेर आला तर पुढचे सगळे समजून घ्यावे. पातळ पत्रा उष्णता धरून ठेवत नाही, आणि वारंवार तापून निवल्याने वाकतो. फेब्रुवारीपर्यंत आमच्या ग्रिलचे भांडे किंचित लंबगोल झाले आणि झाकणाखाली एका बाजूने करंगळी जाईल एवढी फट पडली.

ही फट वाटते तितकी किरकोळ नाही. झाकणाच्या ग्रिलमध्ये आच कमीजास्त करण्याचे साधन म्हणजे हवा: तळाची झडप हवा आत घेते, झाकणावरची झडप ती बाहेर सोडते, आणि दोन्ही बंद केल्या की निखारे विझतात. १९५२ साली शिकागोच्या परिसरात जॉर्ज स्टीफन यांनी धातूच्या बोयाचे, म्हणजे पाण्यावर खुणेसाठी तरंगत ठेवतात त्या पोकळ गोळ्याचे, दोन भाग करून गोल झाकणाची पहिली ग्रिल बनवली, तेव्हा त्यांनाही उघड्या शेगडीवर वाऱ्याचाच त्रास होता. झाकण नीट बसत असेल तर जेवण झाल्यावर झडपा बंद कराव्यात आणि दुसऱ्या वेळी उरलेला कोळसा पुन्हा पेटवावा, असा हिशेब असतो. आमच्याकडे फटीतून हवा जात राहते आणि सकाळी भांड्यात फक्त राख सापडते. दर खेपेला पाव ते अर्धा किलो कोळसा असा वाया जातो, म्हणजे स्वस्त ग्रिलची उरलेली किंमत आम्ही हप्त्याहप्त्याने फेडत आहोत. झाकणावर तापमान दाखवणारी तबकडीही आहे, पण ती घुमटाच्या टोकावरचे तापमान सांगते, जाळीवरचे नव्हे. पहिल्या महिन्यानंतर मी तिच्याकडे पाहणे सोडून दिले.

दुसरा मूळ दोष जाळी आणि कोळसा यांच्यातल्या अंतराचा. ते इथे सात सेंटिमीटर आहे आणि कमीजास्त करता येत नाही. बारा-पंधरा सेंटिमीटर असते तर पुढचा प्रसंग घडला नसता. पहिल्याच रविवारी आम्ही भांडे कोळशाने भरले, मसाला लावलेल्या कोंबडीच्या तंगड्या जाळीवर ओळीने मांडल्या आणि पाच मिनिटांत तेल आणि चरबी निखाऱ्यांवर ठिबकून हातभर ज्वाळा उठल्या. भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारले, "काहून वं, होळी आजच पेटवली का?" तंगड्या बाहेरून काळ्या आणि हाडापाशी गुलाबी राहिल्या, आणि त्या रात्री सर्वांनी वरण-भात खाल्ला. तेव्हापासून कोळसा अर्ध्याच भागात रचते, दुसरा अर्धा रिकामा ठेवते. तुकडे आधी निखाऱ्यांवर दोन्ही बाजूंनी लालसर करून रिकाम्या बाजूला सरकवते आणि झाकण लावते. आतले तापमान ७४ अंश सेल्सियस झाले की कोंबडी शिजली. त्यासाठी टोचून पाहण्याचा साडेतीनशे रुपयांचा थर्मामीटर घेतला, आणि या सगळ्या व्यवहारात विनातक्रार चाललेली वस्तू तीच. ज्वाळा उठल्याच तर पाणी शिंपडू नये, झाकण लावावे. एवढ्या कामाला आमचे वाकडे झाकणही पुरते.

सावजी मसाल्याचा प्रयोग मात्र फसला. तो मसाला तर्रीत मुरण्यासाठीच आहे. सात सेंटिमीटरवरच्या निखाऱ्यांवर तो करपतो आणि कडू लागतो. आता आले-लसूण, मीठ आणि दही एवढेच लावून भाजते आणि मसाला शेवटच्या दोन मिनिटांत तेलात कालवून वरून लावते.

ही ग्रिल ज्यासाठी खरोखर ठेवावी ते म्हणजे वांगे. डिसेंबर-जानेवारीत भरताची मोठी वांगी बाजारात येतात तेव्हा दर आठवड्याला एकदा तरी ती पेटते. वांग्याला तेलाचे बोट लावायचे, सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचायचे, नाहीतर ते फुटते, आणि थेट निखाऱ्यांवरच्या जाळीत ठेवून दर तीन-चार मिनिटांनी देठाला धरून फिरवायचे. आधी साल सुरकुतते, मग तिला राखाडी झाक येते, आणि देठापाशी बोटाने दाबल्यावर वांगे प्रतिकार न करता खाली बसले की ते झाले. त्यानंतर पातेल्याखाली दहा मिनिटे झाकून ठेवले की साल एका ओढीत सुटते. गॅसच्या बर्नरवर वांग्याचा देठाकडचा भाग कच्चा राहतो आणि ओटाभर रस सांडतो. इथे एका वेळी पाच वांगी निघतात आणि सोबत हिरव्या मिरच्या, टोमॅटो आणि कांदेही भाजून होतात. या एका कामाला मी पाचपैकी पाच गुण देते. रोडग्यांसाठी, म्हणजे गोवऱ्यांत भाजायच्या कणकेच्या गोळ्यांसाठी, मात्र ही ग्रिल घेऊ नये. आम्ही दोनदा करून पाहिले. खालची बाजू जळते आणि आतले पापुद्रे कच्चे राहतात, कारण रोडग्याला गोवऱ्यांच्या आरात चहूबाजूंनी पुरलेले असावे लागते. ते काम अंगणातल्या मातीवर पूर्वीसारखेच चालू आहे.

कोळशाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे त्या शब्दाचा घोळ होतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय ज्या शहरात आहे आणि उमरेडच्या खाणी ज्याच्या जवळ आहेत, तिथे नुसते कोळसा म्हटले की पुष्कळांना दगडी कोळसाच आठवतो. तो ग्रिलमध्ये चुकूनही घालू नये. त्यात गंधक असते आणि त्याचा धूर अन्नाला व फुप्फुसांना सारखाच वाईट. लाकडाचा कोळसा वखारीतून घ्यावा. बाभळीचा कोळसा लवकर पेटतो आणि तेजस्वी आच देतो. नारळाच्या करवंटीचा, दाबून वड्या केलेला कोळसा महाग पडतो, पेटायला उशीर लावतो, पण एकसारखी आच दीड तास तरी टिकवतो. घरच्यांपुरते करायचे असेल तर मी बाभळीचा एक किलो घेते, पाहुणे असतील तर दोन्ही मिसळते. पोते हलवल्यावर तळाशी चुरा फार दिसला तर ते घेऊ नये, कारण चुरा जाळीखालच्या भोकांत बसून हवा अडवतो.

पेटवण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नये. धोका तर आहेच, शिवाय वांग्यालाही तोच वास येतो. वेल्डरकडून सहा इंच व्यासाच्या जुन्या लोखंडी पाइपाचा फूटभर तुकडा घेतला, खाली भोके पाडून आत आडव्या सळया लावल्या आणि बाजूला मूठ बसवून घेतली. खाली गोवरीचा तुकडा, दोन कापराच्या वड्या आणि गावाहून आणलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळक्या काड्या, वर कोळसा. वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या तुकड्यांवर पांढरी राख धरते, मग ते भांड्यात ओतायचे. पंख्याने वारा घालत बसणे तेव्हापासून थांबले.

त्याच वेल्डरने जाळीही केली. मूळची जाळी तीन मिलिमीटर तारेची, वर चकचकीत मुलामा दिलेली होती. जानेवारीत मुलाम्याचे पापुद्रे निघू लागले आणि मधोमध ती झोळीसारखी खाली आली. वेल्डर म्हणाला, "ताई, कूलरची जाळी लावून देतो न, पाच वर्षं गंजणार नाही." नागपुरात उन्हाळ्यापूर्वी फॅब्रिकेशनच्या प्रत्येक दुकानात कूलरसाठी जस्ताच्या मुलाम्याचा माल पडलेला असतो, त्यामुळे त्याची सूचना साहजिक होती. पण जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळते आणि तापलेल्या जस्ताच्या वाफा श्वासात जाणे घातक असते, म्हणून मी साध्या लोखंडाच्या सहा मिलिमीटर सळयांचीच जाळी करून मागितली. ६५० रुपये लागले. ती बिडाच्या तव्यासारखी पाळावी लागते: गरम असतानाच अर्ध्या कापलेल्या कांद्याने घासून तेलाचा हात फिरवायचा. वांग्यावर आणि पनीरवर तिचे जे पट्टे उमटतात ते मूळच्या जाळीने कधीच उमटले नाहीत.

उन्हाळ्यात अपेक्षा नव्हती अशी अडचण आली. आमचा कूलर मागच्या खिडकीत आहे आणि तो ओल्या वाळ्यातून अंगणातलीच हवा आत ओढतो. एप्रिलमधल्या पहिल्या बार्बेक्यूच्या रात्री बाहेर कोणालाही धूर जाणवला नाही, आत मात्र उशांपर्यंत जळक्या मिरचीचा वास भरला आणि वाळ्यातून तो चार दिवस येत राहिला. आता ग्रिल पेटली की कूलर बंद, म्हणजे मे महिन्यात ४५ अंशांच्या दिवसानंतर घरात तासभर घामाच्या धारा. साहजिकच मेमध्ये आम्ही दोनदाच पेटवली. त्या दिवसांत कडुलिंबाची वाळलेली पाने आधी झाडून काढावी लागतात आणि बाजूला पाण्याची बादली ठेवावी लागते, कारण ठिणगीला निमित्त पुरते. थंडीत याच्या उलट मोह होतो. जानेवारीच्या एका रात्री पाहुण्यांनी उरलेल्या निखाऱ्यांसकट ग्रिल बंद खोलीत शेकायला आणण्याची सूचना केली. मी स्पष्ट नाही म्हटले. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि झोपेत तो जीव घेतो.

जूनमधली चूक सर्वस्वी माझी. पाहुणे गेल्यावर राख तशीच राहिली, रात्री पहिला जोराचा पाऊस आला आणि झडपेतून आत गेलेल्या पाण्याने राखेचा चिखल झाला. तो मी तिसऱ्या दिवशी काढला. ओली राख क्षारयुक्त असते आणि ओल धरून ठेवते. खरडल्यावर तळाचा रंग पोपडा होऊन सुटून आला आणि मसुराएवढी तीन भोके दिसली. पत्रा जाड असता तर नुसता गंज लागून निभावले असते. पायांचे नट-बोल्टही तेव्हाच गंजले, एक तर पिळताना तुटला.

ज्यांना महिन्यातून दोन-तीनदा वांगी, पनीर, कणसे आणि कोंबडीचे तुकडे भाजायचे आहेत त्यांना अशी ग्रिल चालेल, मात्र जाळीसाठी हजारभर रुपये बाजूला ठेवूनच ती घ्यावी. अख्खी कोंबडी किंवा मटणाचा मोठा तुकडा मंद आचेवर तीन-चार तास ठेवायचा असेल तर हिच्या वाट्याला जाऊ नये. मला आज पुन्हा घ्यायची झाली तर मी दुकानात न जाता थेट वेल्डरकडे दोन मिलिमीटर पत्र्याची करायला टाकीन. त्याने तिचे ४,८०० रुपये सांगितले आहेत, झाकण धरून. तूर्त जुन्या ग्रिलला नवा तळ बसवण्याचे ४०० ठरले आहेत, पण तो म्हणतो की पाऊस उघडल्याशिवाय वेल्डिंगला हात लावणार नाही, तोवर ती पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उलटी ठेवली आहे.