पेज लोड झाल्यावर स्क्रिप्ट चालवायचीय: ऑनलोड, डॉमकंटेंटलोडेड की डिफर?

बटण स्क्रीनवर दिसतंय, क्लिक केलं तर ढिम्म, आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये नलचा (म्हणजे बटण सापडलंच नाही असा) लाल एरर. बहुतेक वेळा स्क्रिप्ट हेडमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या सुरुवातीच्या भागात असते आणि ती चालते तेव्हा ब्राउझर त्या बटणापर्यंत पोचलेलाच नसतो.

यावर विंडोचा ऑनलोड इव्हेंट हा सगळ्यात जुना उपाय, पण तो इमेज, सीएसएस, आयफ्रेम (पेजमध्ये बसवलेलं दुसरं पेज) सगळं उतरेपर्यंत थांबतो, म्हणजे शेवटचा पाहुणा आल्याशिवाय पंगतच बसवायची नाही असं. वर मोठा बॅनर आणि नेट स्लो असेल तर मेन्यू दिसतो पण उघडत नाही, युजर आपला टॅप करत बसतो. शिवाय ऑनलोडला बरोबरचं चिन्ह टाकून थेट फंक्शन दिलं की आधीच्या स्क्रिप्टने दिलेलं गुपचूप उडतं, म्हणून लावायचाच तर ॲडइव्हेंटलिसनरने लिसनर (इव्हेंट आला की चालणारं फंक्शन) लावा. हा खरा कामाचा कुठे, तर इमेजची खरी रुंदी-उंची मोजायची असेल तिथे. आधी मोजलीत तर शून्य येऊ शकतं आणि स्लायडर चपटा होतो.

डॉमकंटेंटलोडेड हा इव्हेंट एचटीएमएल पार्स झालं, म्हणजे ब्राउझरने वाचून संपवलं की येतो, इमेजसाठी अडून बसत नाही. एक खोच आहे, स्क्रिप्ट नंतर कोडने टाकली असेल तर इव्हेंट आधीच होऊन गेलेला असतो आणि तुमचं फंक्शन कधी चालतच नाही, एररही येत नाही. म्हणून आधी डॉक्युमेंटचा रेडीस्टेट (पेज कुठवर आलंय ते सांगणारा) बघायचा, लोडिंग असेल तरच लिसनर, नाहीतर सरळ फंक्शन कॉल.

जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा रेडी ही भानगड स्वतःच सांभाळतो, पण तेवढ्यासाठी अख्खी लायब्ररी कशाला? प्रोजेक्टमध्ये आहेच तर डॉलरच्या कंसात फंक्शन देणारा छोटा प्रकार वापरा, जेक्वेरी ३.० पासून रेडीचे बाकीचे प्रकार डेप्रिकेटेड (आता वापरू नका असे) आहेत.

नवीन काम असेल तर मी डोळे झाकून स्क्रिप्ट टॅगला डिफर हे ॲट्रिब्यूट लावतो. फाइल पार्सिंग चालू असतानाच डाउनलोड होते, चालते पार्सिंग संपल्यावर, डॉमकंटेंटलोडेडच्या आधी, आणि दोन-तीन फाइल असल्या तरी क्रम तोच राहतो, त्यामुळे लिसनर वगैरे लिहायचीच गरज नाही. फक्त एसआरसी असलेल्या, म्हणजे वेगळ्या फाइलमधून येणाऱ्या स्क्रिप्टलाच तो लागू होतो हां, पेजमध्येच लिहिलेल्या कोडला लावून उपयोग नाही, तिथे टाइप मॉड्यूल करा. असिंक हे दुसरं ॲट्रिब्यूट मात्र यात धरू नका, त्यात जी फाइल आधी आली ती आधी चालते, ॲनालिटिक्सला ठीक आहे.

आणि गॅलरीतल्या इमेज लेझी (स्क्रीनजवळ आल्यावरच उतरणाऱ्या) असतील तर ऑनलोडही त्यांच्यासाठी थांबत नाही, तिथे प्रत्येक इमेजला वेगळा लोड लिसनर लावावा लागतो.