आठ महिने सीएनजी गाडी: हिशेब जमला, डिकी फसली

सप्टेंबरात गाडी घेतली, आता मे संपत आलाय. मीटरवर 11,400 किलोमीटर. कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली लहान हॅचबॅक आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या वर्गातल्या बऱ्याचशा गाड्यांना लागू पडतं. शिवाय गाडीची खरी परीक्षा पुण्यात झालीच नाही. ती झाली कोकणात केळशीला, काकांच्या अंगणात.

पुण्यातलं आधी उरकून टाकतो. शहरात किलोला 23-24, हायवेला 28-29 मिळतात. किलोमीटरमागे साडेतीन रुपयांच्या आसपास पडतं. आधीची पेट्रोल गाडी सहाच्या घरात जायची. पंपावर सकाळी सहाला गेलं तर दहा मिनिटं, संध्याकाळी गेलं तर पाऊण तास. टाकी 60 लिटरची म्हणतात, पण ते पाण्याचं माप. 200 बार दाबाला नऊएक किलो गॅस मावायला हवा. माझ्या गाडीत साडेसातच्या वर क्वचितच गेला. पंपाचाच दाब कमी असला तर सहा-साडेसहावर नोझल निघतो. भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, हे आईला आठ महिन्यांत पटलेलं नाही.

शोरूममध्ये डिकी उघडून टाकी दाखवली तेव्हा मी म्हणालो होतो, "आम्हाला चौघांना असं काय सामान असतं?" कोकणातल्या माणसाने असं म्हणायला नको होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. मी, बायको, मुलगी आणि आई. ताम्हिणी उतरून माणगावकडे, तिथून म्हसळ्यावरून श्रीवर्धनला आत्याकडे एक रात्र. गॅस माणगावच्या आसपास भरून घेतला ते बरं केलं, कारण पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने आंजर्ल्यापर्यंत मला पंप दिसला नाही. असे पट्टे पेट्रोलवर काढायचे, म्हणून पेट्रोलची टाकी निम्मी तरी भरलेली हवी. आत्याने श्रीवर्धनी रोठ्याची पिशवी आणि आंबापोळ्या दिल्या. सुपारी डॅशबोर्डच्या कप्प्यात बसली, आंबापोळ्या मुलीच्या मांडीवर. इथवर सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून वेसवीला उतरलो. ओहोटी होती, त्यामुळे धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात चांगलाच कोन झालेला. सिलिंडरचं वजन कायम मागच्या चाकांवर, त्यात चार माणसं. मागची बाजू खर्रकन घासली. बोटीवरचा पोरगा म्हणाला, "मागच्यांना उतरवा की हो." म्हणजे गॅस भरताना उतरायचं, बोटीवर चढतानाही उतरायचं. आईने माझ्याकडे फक्त पाहिलं.

केळशीतल्या गल्ल्या तुम्हाला माहीत असतील तर वेगळं सांगायला नको. दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी वाट. तिथे गाडी लहान असल्याचं सुख कळलं. आरसे मिटले आणि थेट अंगणात. काकांनी कौतुकाने गाडीला प्रदक्षिणा घातली, डिकी उघडली आणि थांबले.

"सिलिंडर कशाला आणलास? आमच्याकडे आहे रे गॅस."

समजावून सांगितलं. पैशांचा हिशेबही सांगितला. काकूंनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, "ते सगळं खरं, पण मग तुम्ही नेणार कशात?"

आई केळशीला आली ती 2019 नंतर पहिल्यांदाच. मधल्या काळात 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं, आणि त्याने दापोली-मंडणगडच्या वाड्याही झोडपल्या. काकांच्या आगरातले निम्म्याहून अधिक माड पडले, पोफळी तर ओळीच्या ओळी कमरेत मोडल्या. आईने हे सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं. पण फोनवर ऊन कळत नाही. पोचल्यावर चहासुद्धा न घेता ती मागच्या दारी गेली आणि विहिरीपाशी उभी राहिली. म्हणाली, "इथे भर बारालासुद्धा ऊन पडत नसे." काका काही बोलले नाहीत. रहाटाच्या जागी आता पंप आहे, तो त्यांनी उगाचच चालू केला.

2021 च्या पावसात त्यांनी नवी रोपं लावली. बरीचशी बाणवली नारळाची, थोडी टी-डी, म्हणजे संकरित जातीची. बाणवलीला वेळ लागतो. टी-डी लवकर धरते. यंदा तिने पहिल्यांदा नारळ दिले. त्यातले नऊ काकांनी आईसाठी पडवीच्या कोपऱ्यात ठेवले होते, असोले. सोलू का म्हणून विचारलं तर आई नको म्हणाली. पहिले आहेत, तसेच देवापुढे ठेवायचेत.

असोला नारळ किती जागा खातो हे ज्यांनी गाडीत घातलाय त्यांनाच ठाऊक. शिवाय सोललेले तीस, हापूसची एक पेटी, आमसुलं आणि दोन फणस, एक कापा, एक बरका. टाकीच्या पुढे जी वीतभर फट राहते तिथे आमच्या बॅगा कोंबलेल्या. नारळ पोत्यात बांधून मागच्यांच्या पायाखाली घातले. मोकळे ठेवू नका, घाटात एखादा गडगडत ब्रेकखाली आला तर संपलंच. फणस मात्र कुठेच बसेनात. शेवटी तिघी मागे बसल्या आणि फणस पुढे, माझ्या शेजारी. गाडी सुरू केली तर टूं टूं टूं. सीटवर वजन आहे आणि पट्टा नाही! दोन्ही फणसांना मिळून पट्टा लावला तेव्हा आवाज थांबला. "फणसाला पुढची सीट," बायको म्हणाली.

आडे, पाडले करत समुद्राकाठच्या अरुंद रस्त्याने आंजर्ल्याला मामाकडे जेवायला थांबलो. मामा हौशी माणूस, रिकाम्या हाताने कुणाला सोडत नाही. पण निघताना त्याने गाडीत डोकावून पाहिलं, फणसाला नमस्कार केला, हसला, आणि मामीने फक्त कोकमाच्या आगळाची एक बाटली आईच्या हातात दिली. हात धुवायला मागे गेलो होतो तेव्हा पडवीत मला एक पेटी दिसली होती. पेंढा घातलेली, सुतळीने बांधलेली, वर खडूने आईचं माहेरचं नाव. तिचा विषय कुणीच काढला नाही. आईनेही ती पाहिली होती की नाही, मी अजून विचारलेलं नाही.

परतताना ताम्हिणीचा चढ. सीएनजीवर गाडीचा जोर मुळातच थोडा कमी, कारण इंजिनात हवेची काही जागा गॅस घेतो. पुण्यात एकट्याने चालवताना ते जाणवत नाही. नारळ-फणसांसकट दुसऱ्या गिअरवर जाणवलं. एसी बंद केला, तरी मागे टेम्पो हॉर्न मारतोय. बटण दाबून पेट्रोलवर घेतली तेव्हा जीवात जीव आला. घाटासाठी ही सवय लावूनच घ्या.

घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घेतली. टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट किंचित गंजलेले दिसले, खारं वारं असतंच. दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करावी लागते, तेव्हा नीट पाहीन.

घ्यावी का? रोज चाळीस-पन्नास किलोमीटर ऑफिसला जात असाल तर डोळे मिटून घ्या. पण गावी कुणी वाट पाहणारं असेल तर दोन लहान टाक्यांवाली बघा. टाटांनी 2023 मध्ये अल्ट्रोजला 30-30 लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, आता इतरही काही गाड्यांत तशी सोय मिळते. मी तेव्हा थोडी जास्त किंमत पाहून नको म्हटलं होतं. आता छताला कॅरिअर बसवायच्या विचारात आहे. अ‍ॅव्हरेज पडेल ते पडेल.

परवा सर्व्हिसिंगला दिली. संध्याकाळी आणायला गेलो तर मेकॅनिकने बिलाबरोबर एक सोललेला नारळ काउंटरवर ठेवला. ड्रायव्हर सीटखाली अडकला होता म्हणे.