मंगळवेढ्याची ज्वारी थेट शेतकऱ्याकडून: ३० किलोचा कट्टा, सहा महिने खाऊन झाल्यावर

आधीच सांगतो, घरात भाकरी थापणारं कोणी नसेल आणि शिकायची पण तयारी नसेल तर हे वाचण्यात टाईम घालवू नका, ही ज्वारी डब्यात भरून ठेवायला घ्यायची नाही.

झालं असं की मागच्या वर्षी माझा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ६.१ आला, डॉक्टर म्हणाले बॉर्डरवर आहात, पोळ्या कमी करा आणि भाकरी चालू करा. मग काय, मॉलमधून तयार पीठ आणलं, पाकिटावर मिलेट मिलेट लिहिलेलं, भाव बघून आईनं नुसतं माझ्याकडं बघितलं. आणि भाकरी काय होईना, परातीतनं उचलली की मधोमध दोन तुकडे. आईनं पीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं आणि निकाल दिला, "विरी गेलीय ह्याची, कडवट पण लागतंय, किती जुनं आणलंयस हे?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रथिन, नसतं त्यामुळं भाकरी धरून ठेवायला ताजं पीठ आणि उकळतं पाणी एवढाच आधार, आणि दळून महिने झाले की तो पण जातो. म्हणजे दाणाच आणायला पाहिजे हे तेव्हा कळलं.

ऑफिसमधल्या एकाचं गाव मंगळवेढ्याजवळ, त्याच्या ओळखीनं एका शेतकऱ्याचा नंबर मिळाला. चार एकर काळं रान, सगळं कोरडवाहू. मी फोनवर शहाण्यासारखं विचारलं ऑर्गॅनिक आहे का, तर ते हसले, म्हणाले "साहेब, पाणीच न्हाई तर खत कुठं टाकू? जमिनीतली वल आन् थंडी, ह्याच्यावरच येतंय सगळं." आणि ते खरंच तसं असतं, रब्बीची ज्वारी सप्टेंबर ऑक्टोबरला परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतात, त्या काळ्या मातीत ओल धरून राहते आणि त्यावर पीक निघतं. पावसात सापडत नाही म्हणून दाणा काळा पडत नाही, पावसाळी हायब्रीडवर ती बुरशीची काळी टिकली असते बघा, तशी एक दिसली नाही. जात मालदांडी, मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात निवडलेली ३५-१, ही १९३० च्या दशकातली जात अजून लोक पेरतात ह्यातच काय ते आलं.

भाव ६२ रुपये किलो, ३० किलोचा कट्टा, ट्रॅव्हल्सवाल्याला २०० वेगळे. गाडी पहाटे पाचला हडपसर गाडीतळाला येणार सांगितलं होतं, आली साडेसहाला, तोपर्यंत मी दोन चहा पिऊन थंडीत उभा. कट्टा उतरवला तर एका कोपऱ्याला फाटलेला आणि तिथली ज्वारी जरा सर्द लागली हाताला. हा माझा पहिला पॉईंट वजा, पॅकिंग म्हणजे खताचं जुनं पोतं उलटं करून सुतळीनं शिवलेलं, आत पिशवी बिशवी काही नाही. खताच्या पोत्यात खायचं धान्य नको, हे मी त्यांना नंतर स्पष्ट सांगितलं, त्यांनी कबूल केलं.

घरी आणून गच्चीवर दोन दिवस ऊन दिलं. निवडायला बसलो तर खडे निघाले, कणसाचे तुकडे निघाले, ३० किलोत वाटीभर कचरा तरी असेल. मशीनमधनं पॉलिश होऊन आलेल्या मालाची सवय असलेल्यांना हे जड जाईल. पण आईनं दाताखाली एक दाणा फोडला, कट्ट आवाज आला, म्हणाली हां, ही ज्वारी. दाणा टपोरा, पिवळसर पांढरा, मुठीत घेतला की थंडगार लागतो आणि बोटांतनं निसटतो. आईला ७२ च्या दुष्काळातली ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी अजून आठवते, ज्वारीचा विषय निघाला की ती निघतेच, त्यामुळं तिनं चांगली म्हटलं म्हणजे विषय संपला.

आता दळण. हे महत्त्वाचं आहे म्हणून लांबवतोय. गिरणीत जाऊन सांगायचं, ज्वारीवरच ज्वारी टाका. गव्हावर टाकली की आधीचं गव्हाचं पीठ मिसळतं, तुम्हाला फरक कळणार नाही पण घरात कोणाला ग्लुटेन चालत नसेल तर सगळी मेहनत वाया. आणि एका वेळी अडीच तीन किलोच दळायची, आठ दहा दिवसांत संपवायची. गिरणीवाला वैतागतो, वैतागू दे.

पहिली भाकरी मीच थापली. पिठात मध्ये आळं करून उकळतं पाणी ओतलं, उलथन्यानं हलवलं, मग हातानं रगडून मळलं, चांगलं पाच मिनिटं. थापली, तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं, उलटली, मग सरळ गॅसवर. टम्म फुगली राव! पापुद्रा असा सुटला की आत बोट घालून बघितलं मी, वाफेनं भाजलं ते वेगळं. चव म्हणाल तर गोडसर, नुसती खाल्ली तरी चालते, बरोबर शेंगाची चटणी आणि कच्चा कांदा असला तर बघायलाच नको. नंतर आईनं पातळ थापून सोलापुरी कडक भाकरी पण केल्या, डब्यात आठ दिवस टिकल्या, ऑफिसला न्यायला एकदम बेस्ट.

तब्येतीचं खरं काय ते सांगतो कारण व्हॉट्सॲपवर ज्वारीबद्दल वाट्टेल ते फिरतं. हैदराबादच्या पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर आहे, पांढऱ्या तांदळात ३ च्या आत. पण चोकरासकट गव्हाच्या पिठात पण ११ च्या आसपास आहेच, म्हणजे चपाती विष आणि भाकरी अमृत असलं काही नाही. मी घरच्या मशीनवर जेवणानंतर दोन तासांनी साखर बघितली, दोन चपात्यांच्या दिवशी १६८, दीड भाकरीच्या दिवशी १५२. एकदा गूळतुपाशी तीन भाकरी हाणल्या त्या दिवशी १८० च्या वर गेली, तो आकडा आईला सांगितलेला नाही. माझ्यामते खरा फायदा हा की दीड भाकरीत पोट भरतं आणि रात्री फ्रिज उघडायला जात नाही. पोट मात्र साफ राहतं, ते डॉक्टरांनी न सांगता कळलं.

महाग आहे का? दुकानात तेव्हा ४५ ला पण मिळत होती आणि ती पण मालदांडी म्हणूनच विकतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन, म्हणजे ह्याच भागाचा माल अशी सरकारी ओळख, मिळालंय पण माझ्या पोत्यावर कसला शिक्का नव्हता, विश्वासावर घेतली. मी त्या शेतकरी काकांना विचारलं परवडतं का, तर म्हणाले "दाण्यावर न्हाई, कडब्यावर परवडतं," म्हणजे जनावरांच्या चाऱ्यावर. काढणी हातानं, एकेक धाट उपटायचं, मजूर मिळत नाहीत, शेजारी पाणी आलं त्यांनी ऊस लावला. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली म्हणतात ते हेच गाव, आणि इथल्या माणसाला आज ज्वारी लावायची का ऊस हा प्रश्न आहे. मी ६२ वरून घासाघीस केली नाही.

अजून एक, कट्ट्यात वर एका पिशवीत किलोभर हुलगे निघाले, न सांगता टाकलेले. त्याचं माडगं, म्हणजे पातळ कढण, केलं, पोरांनी तोंडं वाकडी केली, आम्ही दोघांनी संपवलं. किडीचं म्हणाल तर कडुलिंबाचा पाला सुकवून थरांत घातला होता, ऑगस्टमध्ये तळाला थोडे टोके दिसले, परत ऊन दिलं, गेले.

पाचपैकी चार. एक पॉईंट पोतं, खडे आणि साडेसहाची गाडी मिळून.

यंदा ६० किलो सांगितलीय, नव्या कोऱ्या गोणीत आणि चाळून, किलोला २ रुपये जास्त देतो म्हटलं. कोणाला नंबर पाहिजे असेल तर मला मेसेज करा, काकांना विचारून देतो, फक्त फेब्रुवारीत फोन करू नका, काढणी चालू असते, उचलत नाहीत.