बोटीसाठी स्मॉल ब्लॉक : ३५० च नीट बांधायचं, ३८३ करायचं की एलएस टाकायचं?

आमचे साडू कारवारचे. त्यांनी गोव्यात एक जुनी वीस फुटी स्पीडबोट उचलली, आत शेव्हरोलेचं ५.७ लिटरचं स्मॉल ब्लॉक (छोट्या ब्लॉकचं) व्ही-एट म्हणजे आपलं ते ३५० (इंजिनाची साइज, क्यूबिक इंचात), मागं मर्क्रूझरचा अल्फा वन ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पंख्याला देणारा गिअरचा भाग), आणि तेव्हापासून दर दोन दिवसांनी फोन. "तुमचं बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉप हाय, जरा ताकद वाढवून द्या की हो." जरा म्हणजे किती ते सांगत नाहीत. एकदा म्हणाले ३८३ करू (तेच इंजिन मोठं करायचं), एकदा म्हणाले एलएस (शेव्हरोलेचंच नवं व्ही-एट) टाकू, मग कुणीतरी सुपरचार्जर (इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंप) दाखवला तर दोन दिवस तेच. म्हणून तिन्ही-चारी गोष्टी शेजारी शेजारी ठेवून एकदाच लिहून काढतोय, म्हणजे अजून कुणाच्या डोक्यात हे खूळ असलं तर त्यालाही उपयोग होईल.

आधी एक गोष्ट, जी गाडीवाल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. चोर्ला घाट चढताय, मागं लोड आहे, पाय तळाला टेकलाय, आणि घाट संपतच नाही. बोटीचं इंजिन असं चालतं. उतार नाही, गिअर बदलायचा नाही, पाणी सतत मागं ओढतंय. त्यामुळं ६५०० आरपीएमला किती हॉर्सपॉवर निघते हे आकडे बोटीला काही कामाचे नाहीत, तुम्ही राहणार ३००० ते ४८०० मध्ये आणि तिथं टॉर्क पाहिजे, तोही तासभर सलग सोसणारा.

आणि स्पीडचा हिशोब पण करून घ्या. पाण्यावर तरंगून पळणाऱ्या बोटीचा स्पीड साधारण ताकदीच्या वर्गमुळानं वाढतो. २६० हॉर्सपॉवरला बोट ७० किमीनं पळत असली तर ३०० ला ७५, ३५० ला ८१, आणि ४०० केली तरी ८७. म्हणजे ताकद दीडपट केली तरी स्पीड जेमतेम सव्वापट. साडूंना हे सांगितलं तर फोनवर दोन मिनिटं गप्प.

आता पहिला पर्याय, ३५० तसंच ठेवून वरचं काम. बोअर १०१.६ मिमी, स्ट्रोक ८८.४ मिमी, १९६७ पासूनचं इंजिन, त्यात न कळण्यासारखं काही राहिलेलं नाही. जुनी हेड (सिलिंडरवरचा वॉल्वचा भाग) काढून शेव्हरोलेचीच १९९६ नंतरची व्होर्टेक हेड, चांगला मरीन कॅम (वॉल्व उघडणारा शाफ्ट), आणि कॉम्प्रेशन रेशो ९ ते ९.५. एवढ्यात ३०० च्या वर जाता येतं आणि खालचा क्रँक, रॉड हलवायला लागत नाही. फक्त व्होर्टेक हेडला इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारा) वेगळा लागतो, जुना बसत नाही, आणि स्टॉक स्प्रिंगवर जास्त लिफ्टचा (वॉल्व जास्त उचलणारा) कॅम चालत नाही, वॉल्व गाइडला रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) जाऊन आपटतो. कास्टिंग पातळ आहे, एकदा तापलं की क्रॅक जातो. खाऱ्या पाण्यात डायरेक्ट पाणी फिरवणार असाल तर ही हेड फार वर्षं टिकतील अशी आशा ठेवू नका.

कॅमचं जरा जास्त सांगतो कारण तिथं मीच फसलोय. दोन वर्षांमागं एका गिऱ्हाइकाच्या बोटीत गाडीचा कॅम बसवला, आवाज काय मस्त, आयडलला धडधड धडधड, सगळे खूश. पण बोटीत इंजिन थंड करून आलेलं पाणी एक्झॉस्टमध्येच मिसळून बाहेर टाकतात, आणि कॅमला ओव्हरलॅप (इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही वॉल्व एकदम उघडे राहणं) जास्त असला की आयडलला एक्झॉस्टमधनं उलटी ओढ लागते अन् ते पाणी वॉल्वपर्यंत परत येतं. तिसऱ्या आठवड्यात सिलिंडरमध्ये पाणी, स्टार्टर मारला, रॉड वाकला. सगळं परत माझ्या खर्चानं. तेव्हापासून बोटीला लोब सेपरेशन (कॅमच्या इनटेक-एक्झॉस्ट उंचवट्यांमधला कोन, तो कमी केला की ओव्हरलॅप वाढतो) ११२ ते ११४ डिग्रीच्या खाली घेत नाही, आवाज गेला खड्ड्यात.

दुसरा पर्याय ३८३, आणि खरं सांगायचं तर माझा जीव यावर आहे. ३५० चा ब्लॉक ३० थाऊ (इंचाचे ३० हजारांश) ओव्हरसाईज करायचा आणि जुन्या ४०० स्मॉल ब्लॉकचा ९५.२५ मिमी स्ट्रोक त्यात घालायचा, झालं ६.३ लिटर. पूर्वी ४०० चाच क्रँक काढून त्याचे मेन जर्नल (ब्लॉकच्या बेअरिंगवर फिरणारा भाग) ग्राइंड करून घालायचे, आता ३५० च्या मेन साइजमध्येच तयार क्रँक मिळतो. इंजिन मोठं होतं साधारण नऊ टक्क्यांनी, पण ते सगळं खालच्या आरपीएमला टॉर्क म्हणून मिळतं, आणि बोटीला नेमकं तेच पाहिजे. चांगली हेड असली तर ३५० ते ४०० हॉर्सपॉवर आरामात, न ताणता.

काम मात्र वाढतं. रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला लागतात, तिथं ग्राइंड करावं लागतं, एखादा रॉड कॅमच्या अगदी जवळनं जातो, तिथं हातानं क्रँक फिरवून प्रत्येक सिलिंडरचं अंतर बघायचं, घाई केली की संपलं. बॅलन्सिंग पण बघा, काही क्रँक बाहेरून बॅलन्स होतात, त्यांना डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं चाक) आणि फ्लायव्हील त्याच हिशोबाचं लागतं. ५००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १४.७ मीटरवरनं १५.९ वर जातो, म्हणून फोर्ज्ड पिस्टन घ्या. पण फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो, आणि बाहेरचं पाणी थेट फिरवणाऱ्या बोटीत थर्मोस्टॅट ६० डिग्रीचा, म्हणजे ब्लॉक गार अन् पिस्टन लाल, तेव्हा गाडीचं क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) ठेवलं तर पिस्टन घासलाच म्हणून समजा. हे सगळं काम बेळगावात होतं बरं का, क्रँक आणि फाउंड्रीचं गाव आहे हे, बोअरिंग-होनिंगसाठी कुठं लांब जायला नको. फक्त होनिंग करताना हेडच्या जागी जाड प्लेट टाइट करून करा. एका हेडला १७ बोल्ट आहेत, ते आवळले की बोअर जरा गोलातनं जातोच.

तिसरा, एलएस. १९९७ पासूनची नवी जात, त्यातलं ६.२ लिटरचं एलएस-थ्री कॉर्वेटमध्ये ४३० हॉर्सपॉवर देत होतं, हेड तर जुन्या स्मॉल ब्लॉकच्या कितीतरी पुढं, वजनही कमी. कोरी बोट बांधत असाल, खिसा जड असला आणि हिडकलसारख्या गोड्या पाण्यात फिरणार असाल तर मी पण एलएसच म्हणेन (धरणात बोट घालायची परवानगी आधी काढा, ते वेगळं महाभारत). पण ब्लॉक ॲल्युमिनियम आहे. कारवारला काळी नदीच्या मुखाशी, खाडीत, ते खारं पाणी ब्लॉकमधनं फिरवायचं नावच काढू नका, हीट एक्स्चेंजर लावून आत कूलंट ठेवावाच लागतो. शिवाय मॅनिफोल्ड, माउंट, वायरिंग, ईसीयू, सगळं नवीन. साडूंच्या बोटीत ते बसवायचं म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचं इंजिन.

सुपरचार्जरचं थोडक्यात. बोटीत बूस्ट (कोंबलेल्या हवेचा दाब) सतत चालू, उष्णता सतत, आणि नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं) झालं तर त्या आवाजात ऐकू पण येत नाही. पिस्टन फुटल्यावर कळतं. नको.

आता जे तिन्हीला लागतं ते. अल्फा वन ड्राइव्ह साधारण ३०० हॉर्सपॉवरपर्यंतचा, ३८३ चा टॉर्क दिला आणि लाटेवरनं उडताना प्रॉप (पंखा) हवेत जाऊन परत पाण्यात आला की गिअरला जो झटका बसतो त्यात दात जातात. म्हणजे ३८३ चा खरा खर्च लिहिताना ब्राव्हो ड्राइव्ह (मर्क्रूझरचाच जास्त दणकट) पण धरा. प्रॉप बदलायला लागणार, पिच (एका फेऱ्यात प्रॉप जेवढा पुढं जायला बघतो ते अंतर) एक इंच वाढवला की दीडशे-दोनशे आरपीएम खाली येतात. खाऱ्या पाण्यात राइझर (एक्झॉस्टचा वर चढणारा तुकडा) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड थोड्या वर्षांनी बदलायचेच. स्टार्टर, अल्टरनेटर, कार्ब्युरेटर मरीनचेच घ्यायचे, इथं गाडीचा माल घालून पैसे वाचवायचे नाहीत, पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीत बोट जाते. स्टार्ट करायच्या आधी चार मिनिटं ब्लोअर (ती वाफ बाहेर काढणारा पंखा).

पेट्रोलचं एक, अमेरिकन लोक ८७ ऑक्टेन म्हणतात ते आपल्याकडच्या ९१ च्या आसपास, मोजायची पद्धत वेगळी, उगाच घाबरू नका. पण ई-ट्वेंटीतलं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधलं) इथेनॉल पाणी ओढतं, टाकी भरून महिनाभर बोट उभी ठेवू नका.

तर साडूंना काय सांगितलं? अल्फा ड्राइव्ह ठेवायचा असेल तर ३५० वर हेड आणि कॅम, बंद कूलिंग (तेच हीट एक्स्चेंजर लावून आत कूलंट), बस. ड्राइव्ह बदलायची तयारी असेल तर ३८३. ते अर्थातच ३८३ म्हणाले. पण ब्लॉक इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात चाललाय, पाण्याच्या बाजूनं आतून किती खाल्लाय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून बोअरिंगच्या आधी सोनिक टेस्ट (ध्वनिलहरींनी मोजणं) करून भिंतीची जाडी बघायची ठरलंय. पुढच्या रविवारी जोयडा-रामनगर मार्गे टेम्पोतनं ब्लॉक येतोय. पातळ निघाला तर ३० थाऊ पण निघणार नाही, मग दुसरा ब्लॉक शोधा, आणि परत फोन चालू.