लेथचं हाताने फिरवायचं हॅन्डल: सात महिन्यांनंतर

मागच्या आठवड्यात मिनी लेथचं, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवून कातायच्या छोट्या मशीनचं, कंट्रोल बोर्ड उडालं, दुकानदार म्हणतो नवीनच घ्या, रिपेर होत नाही, आणि किंमत ऐकून मी फोन ठेवला. मशीन तीन दिवस बंद राहिली असती पण जानेवारीत बनवलेलं हॅन्डल ड्रॉवरमध्ये होतं म्हणून एम८ चे (८ मिमी) राहिलेले सहा स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) हातानेच आटे पाडून दिले.

बनवायला खर्च म्हणाल तर एकशे सत्तर रुपये, तेही जुन्या बाजारातून आणलेल्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) तुकड्याचे, पट्टी घरचीच होती. स्पिंडलचं (जॉब फिरवणाऱ्या पोकळ दांड्याचं) भोक २० मिमी, म्हणून मँड्रेल (त्यात बसणारा दांडा) १९.९ ला टर्न केला, म्हणजे कातला, टोकाला हॅकसॉने चार चिरा, आतून शंकू, आणि आरपार बोल्ट. बोल्ट आवळला की टोक फुलतं आणि स्पिंडलमध्ये मागून गच्च बसतं. स्पिंडलला एक ओरखडा नाही.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो की हा नुसता हौसेचा प्रकार आहे, मोटर असताना हाताने कोण फिरवणार. शब्द मागे घेतो. शंभर आरपीएमला १.२५ पिचचे (दर फेऱ्याला १.२५ मिमी) आटे पाडताना टूल सेकंदाला दोन मिमी पळतं, जॉबच्या खांद्यापाशी (जिथे जाडी वाढते) थांबवायला माझा हात तेवढा चपळ नाही. हॅन्डलने अगदी खांद्याला टेकेपर्यंत जाता येतं. हाफ नट (टूल सरकवणाऱ्या स्क्रूवरची पकड) उघडायचं नाही, टूल मागे घ्यायचं, उलटं फिरवायचं आणि सुरुवातीच्या थोडं पलीकडे न्यायचं, नाहीतर गिअरमधला लूजपणा आट्यात उतरतो. आणि हॅन्डल लावायच्या आधी प्लग काढून सरळ खिशात, कारण चुकून मोटर चालू झाली तर ते हॅन्डल कुणाच्या कपाळावर बसेल सांगता येत नाही.

पण एका गोष्टीने डोकं फिरवलंय, हॅन्डल स्वतःच्या वजनाने खाली येतं! गिअरचा लिव्हर न्यूट्रलला टाकून जॉबला डायल (मापाचं घड्याळ) लावा, तेलाची बाटली घ्यायला हात काढा, की चक (जॉबची पकड) हळूच अर्धा फेरा फिरून मोकळं. मी पट्टी जाड घेतली, ६ मिमी, आणि मूठही भरीव लोखंडाची, तिथेच चुकलो. शेजारचा पोरगा तर विचारतो, काका रस कधी देताय. समोरच्या बाजूला वजनाचा तुकडा लावायला हवा हे फेब्रुवारीतच ठरलंय, पण तो तुकडा टर्न करायला मशीन चालू हवी आणि मशीन चालू असली की हॅन्डल आठवत नाही. तोवर सुतळीने बांधून ठेवतो, आणि दर वेळी सोडायला विसरून हिसका मारतो.